बुंदी-भुऱ्याची वाटणी

“किती वाटण्या बघितल्या मी, पण तात्याच्या घरची झाली तशी सरळ वाटणी नाय बघितली. आवाज नाय, शिवी नाय. पोरीनं चिठ्ठी उचलली, विषय संपला.”

ओट्यावर बसून त्या वाटणीचे पंच आप्पा बोलत होते. तुम्हाला जाऊन तिसरा दिवस होता, तात्या, आणि गावातली माणसं दारावर येत होती. मी आत काकूंजवळ बसून तांदूळ निवडत होते. खिडकीतून आप्पांची नुसती टोपी दिसत होती. त्यांच्या शेजारी पप्पा होते. धाकट्या भावानं बसावं तसे, भिंतीला न टेकता. ते म्हणाले, “दादाचं मन साफ होतं.” एवढंच म्हणाले. मी निवडलेला खडा बाहेर टाकायच्या ऐवजी परत ताटातच टाकला आणि मग तो शोधत बसले.

ती पोरगी मी. ती चिठ्ठी मी ओळखून उचलली होती. हे तोवर आपल्या दोघांनाच माहीत होतं. तुम्ही गेलात आणि मी एकटी उरले.

लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलतात तेव्हा मला राग येतो. त्यातलं बरंचसं खरं आहे, याचा जास्त येतो.

शाळेची गाडी मला फाट्यावर सोडायची. तिथून घर बरंच आत. ऊन असो, चिखल असो, तुम्ही बांधावर उभे असायचात आणि तुमच्या दोन्ही बाजूंना ती दोन कुत्री. बुंदी पांढरी, अंगभर तपकिरी ठिपके. भुऱ्या तिचाच मुलगा, पण तिच्या दुप्पट. माझं दप्तर तुमच्या खांद्यावर जायचं आणि आपण चालायला लागायचो. शाळेत काय झालं, असं तुम्ही एकदाही विचारलं नाही. तुम्हाला कळलं होतं की शाळेत मी इंग्रजीत गप्प असते आणि घरी मराठीत.

पप्पांना ते कळत नव्हतं. अंबडच्या कंपनीत पाळ्या करून त्यांनी मला नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. कुणी पाहुणा आला की ते म्हणायचे, “मनू, ती पोएम म्हणून दाखव.” मी दाराच्या चौकटीला नख लावून उभी राहायची. पाहुणा वाट बघायचा, पप्पांचे कान लाल व्हायचे. मग तुम्ही बाहेरून म्हणायचात, “आसू दे ना रे. बुंदी कुठं बोलती? काय आडलंय का तिचं?” आणि माझी सुटका व्हायची. त्या सुटकांसाठी मी तुमची होते. बाकी काही कारण नव्हतं.

कुत्र्यांचं काम तुम्ही मला शिकवलं. द्राक्षांत साखर भरली की संध्याकाळी ओढ्यातून कोल्हे वर यायचे. खालचे घड तोडायचे, निम्मे खायचे, निम्मे तुडवायचे. भुऱ्या बागेच्या तोंडाशी उभा राहून शेजारच्या गावाला ऐकू जाईल असा भुंकायचा. बुंदी भुंकायची नाही. ती पोट जमिनीला लावून ओढ्याच्या बाजूनं मागे जायची आणि कोल्हा पळायला लागला की त्याच्या वाटेत आधीच उभी असायची. असा एकदा अडकलेला कोल्हा आठ दिवस परत येत नसे.

“एक आवाज करणारा पायजे, एक गप ऱ्हाणारा पायजे,” तुम्ही सांगायचात. “दोघंबी भुंकायला लागले तर कोल्हा हसतो. तू बुंदीच्या जातीची हायेस, मडम.”

कितीतरी वर्षं मला ते कौतुक वाटलं.

भाकरी मी कुत्र्यांच्यावरच शिकले. काकू त्यांच्यासाठी कोंडा घालून जाड भाकरी थापायच्या आणि माझ्या वेड्यावाकड्या, मधेच फाटलेल्या भाकरी त्याच टोपलीत जायच्या. तुम्ही त्या कुस्करून गोठ्याजवळच्या दगडी डोणीत टाकायचात, वर ताक ओतायचात. दोघांचं खाऊन झाल्याशिवाय तुम्ही ताटावर बसला नाहीत. काकू चिडायच्या, “कुत्र्यांच्या पंगतीनंतर आमचा नंबर.” तुम्ही म्हणायचात, “त्यांची ड्युटी हाय आता. माझी संपली.” ड्युटी हा शब्द तुम्ही पप्पांकडून उचलला होता. तुम्ही तो म्हणालात की पप्पाही हसायचे. तेव्हा तुम्ही दोघं भाऊ एकाच अंगणात बसून हसत होतात, हे मी बघितलेलं आहे. नाहीतर आता माझा विश्वास बसला नसता.

आजोबा गेल्यावर वाटणी ठरली. भांडण नव्हतंच. आप्पा आणि आणखी दोघांनी मिळून दोन वाटे पाडले. एक ओढ्याकाठचा, लहान पण काळ्या मातीचा, तुम्ही लावलेल्या द्राक्षबागेसकट. दुसरा टेकाडाचा, जवळजवळ दुप्पट मोठा, पण सगळा मुरूम. आप्पांच्या मते दोन्ही वाटे सारखेच होते. त्यांना त्यातला एकही घ्यायचा नव्हता. आपल्याकडच्या रीतीनं दोन चिठ्ठ्या करायच्या, घरातल्या लहान मुलानं एक उचलून थोरल्या भावाच्या हातात द्यायची, उरलेली धाकट्याची. घरात लहान मी एकटीच. तुमची मुलगी, ताई, लग्न होऊन सिन्नरला गेली होती.

आदल्या दुपारी मी डोणीजवळ बसले होते. तुम्ही आलात आणि बुंदीच्या कानामागचे गोचीड काढायला बसलात.

“मडम, उद्या चिठ्ठी तुला उचलायचीय.”

मी मान हलवली.

“मला टेकाड आलं तर मी काय करू तिथं? या वयात मुरूम फोडू? शेत वाट्यानं देईन न जाईन ताईकडं सिन्नरला.” तुम्ही एक गोचीड दगडावर ठेवून चिरडला. “ही दोघं मग मेंढपाळांना देऊन टाकावी लागतील. शहरात कोण ठेवतंय आसली कुत्री.”

बुंदीनं डोळे मिटून घेतले होते. तिला तुमचा हात आवडायचा.

“तुझा बाप काय, कंपनीत हाय. त्याला ओढ्याकाठ काय न टेकाड काय. रविवारी येऊन बघणार.” मग उठता उठता म्हणालात, “उद्या तुझ्या वहीचं एक पान आण. समासाची लाल रेघ आसती ते. रेघ आसलेल्या तुकड्यावर ओढ्याकाठ लिहीन. ती बाहेरून दिसंल आशी घडी घालतो.”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुम्ही उत्तरासाठी थांबला नाहीत. मी बोलत नाही हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर मला सांगितलंत.

तात्या, मी बारा वर्षांची होते. या वाक्यामागे मी पुष्कळ वेळा लपले आहे. पण बारा वर्षांच्या मुलीला खोटं कळतं. मला कळलं होतं.

सकाळी मी जॉग्रफीच्या वहीचं पान फाडून आणलं. आप्पा म्हणाले, लिहायचं कुणी? पप्पा म्हणाले, “दादाच लिहील, त्याचं अक्षर चांगलंय.” तुमचं अक्षर काही चांगलं नव्हतं. पप्पांना मान द्यायचा होता. तुम्ही लिहिलंत, घड्या घातल्यात, आप्पांनी आपली टोपी काढून उलटी धरली आणि चिठ्ठ्या त्यात टाकून हलवल्या. मी हात घातला. सगळ्यांना वाटलं मी डोळे मिटलेत, कारण मी नेहमी खालीच बघते. डोळे उघडे होते. एका घडीच्या कडेला केसाएवढी लाल रेघ होती.

पप्पांनी आपली चिठ्ठी उघडली, वाचली आणि हसले. “चला, हवा तरी चांगलीय तिथं.” माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. तो हात मला अजून जड लागतो.

तुम्ही बाग लावली होती. पंधरा वर्षं तुम्ही त्या मातीत होतात आणि पप्पा कंपनीत होते. ओढ्याकाठ तुम्हालाच मिळायला हवा होता, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण मग मागायचा होतात. अंगणात बसून ‘मला हे दे’ असं म्हणाला असतात तर पप्पांनी चिठ्ठ्यांचं नाव काढलं नसतं. हे तुम्हाला माहीत होतं. धाकट्याकडे मागायची तुम्हाला लाज वाटली. माझ्या हातून चोरायची वाटली नाही. या एका गोष्टीवर मी मनात तुमच्याशी इतकी वर्षं भांडतेय, आणि मनातही तुम्ही कधी उत्तर दिलं नाहीत.

दोन वर्षांनी कंपनी बंद पडली आणि पप्पा आम्हाला घेऊन टेकाडावर राहायला आले. मुरूम फोडला, पाइप ओढले, खालून माती वाहून आणली. टोमॅटो लावले, ते एका वर्षी आले आणि एका वर्षी नाही. घरात एक विनोद सुरू झाला. पेरणीला मम्मी मूठ भरायची आणि मला म्हणायची, “तू नको गं हात लावू पहिल्या दाण्याला. तुझ्या हाताचा गुण माहितीय आम्हाला.” सगळे हसायचे. नवी मोटर सुरू करायची असली की पप्पा म्हणायचे, “मनूला लांब उभी करा, मग बटण दाबा.” कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण हळूहळू ते खरं झालं. दहावीच्या निकालाच्या आधीही मम्मीनं माझ्या हातानं देवापुढे नारळ फोडू दिला नाही.

मी ते चालू दिलं. अपशकुनी म्हणवून घेणं परवडलं, लबाड म्हणवून घेण्यापेक्षा.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, ती कुत्री?

पप्पांच्या टोमॅटोत रानडुकरं शिरायला लागली तेव्हा त्यांनी तुमच्याकडे एक कुत्रं मागितलं. तुम्ही लगेच भुऱ्या दिलात. गावात त्याचंही कौतुक झालं. मी पप्पांना सांगितलं होतं की ही दोघं एकमेकांशिवाय काम करत नाहीत. म्हणजे सांगितलं असं नाही. मी म्हटलं, “एकच?” पप्पा म्हणाले, “अगं, कुत्र्याचंही काय जोडपं लागतं?”

भुऱ्या टेकाडावर उभा राहून घसा फुटेस्तोवर भुंकायचा आणि मग मागे वळून बघायचा. मागून कुणी जात नव्हतं. पंधरा दिवसांत डुकरांना कळलं की हा नुसता आवाज आहे. खाली बागेत उलटंच. बुंदी गुपचूप ओढ्याकडून जाऊन वाट अडवून बसायची, पण तिच्याकडे कुणी हाकलतच नव्हतं. कोल्हे तोंडाकडून येऊन खाऊन जायचे. मग रोज संध्याकाळी ती बांध ओलांडून टेकाडावर यायला लागली. ती आली की दोघंही आमच्याकडेच काम करायची. तुमच्या बागेला राखण उरली नाही. तुम्ही तिला साखळीला बांधलंत.

सात वर्षांत जिचा आवाज मी ऐकला नव्हता, ती बुंदी साखळीला भुंकायला लागली. दिवसभर, कशावरही. एकदा तिनं तोडणीला आलेल्या बाईची पोटरी फोडली.

एके दिवशी मी फाट्यावर उतरले तर बांधावर तुम्ही नव्हतात. मी तुमच्या गोठ्याशी गेले. डोण कोरडी होती. काकू पीठ चाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “सकाळी मेंढरं गेली ना इथून. त्यांच्याबरोबर दिली.”

“कुठं गेली मेंढरं?”

“त्यांचं काय सांगावं बाळा. इगतपुरीकडं म्हणत होती.”

पुढे सगळा पावसाळा मी इगतपुरीचा विचार केला. तिकडच्या पावसात मेंढरं कशी राहतील, कळपाची सवय नसलेलं कुत्रं किती दिवस टिकेल, हे मला कुणाला विचारायचं होतं. विचारायला तुम्हीच होतात. जी भीती घालून तुम्ही माझा हात वापरलात, तेच तुम्ही केलंत, आणि मी शाळेत असताना केलंत. त्यानंतर मी फाट्यावरून वरच्या वाटेनं घरी जायला लागले. तुम्ही काही दिवस बांधावर उभे राहिलात. लांबून दिसायचात. मग तुम्हीही थांबलात.

भुऱ्या म्हातारा होऊन मेला तेव्हा मी कॉलेजात होते. पप्पा परगावी गेले होते, मम्मीला काही सुचेना. तुम्ही फावडं घेऊन टेकाडावर आलात. तुम्हाला कुणी निरोप दिला होता मला माहीत नाही. मुरमात खड्डा खणायला तुम्हाला अर्धा दिवस लागला. मध्ये एकदा बसलात तेव्हा तळहात बघितलेत, फोड आले होते. मीठ घातलंत, त्याला उजव्या कुशीवर ठेवलंत, माती ओढलीत. मी तुम्हाला पाणी दिलं. एवढा कठीण मुरूम आहे हे तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल का, असं मला वाटलं. आणि मला वाटलं, आता विचारावं.

“तात्या, ती चिठ्ठी...”

तुम्ही पाणी प्यायलात. तांब्या खाली ठेवलात. “हात तुझा होता,” म्हणालात.

रागानं नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं. आणि फावडं खांद्यावर टाकून बांध उतरून गेलात.

त्या दिवशी तुम्ही खणायला आलात ती माफी होती, असं मी स्वतःला समजावू शकले असते. ते वाक्य बोलला नसतात तर.

या उन्हाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी रविवारी नाशिकहून येऊन तुमच्याजवळ बसत होते. काकूंना वाटायचं मायेनं. माया होती, नाही असं नाही. तुमच्या खाटेखाली तुमची आताची दोन कुत्री पडलेली असायची, तांबडी आणि तिची बहीण. तुम्ही हात खाली सोडायचात आणि दोघी आळीपाळीनं तो चाटायच्या. शेवटच्या रविवारी तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “बोल ना कायतरी.”

उभ्या आयुष्यात ज्या एका माणसानं मला बोल म्हटलं नाही, ते तुम्ही. आणि म्हटलंत तर तेव्हा. तोंडाशी आलं होतं. तुमच्या डोळ्यांत भीती होती. ती मरणाची होती की माझी, मला ओळखता आलं नाही. मी म्हटलं, “गोळी घेतली का?” तुम्ही मान हलवलीत. तुमची सुटका मी केली, तात्या. ही परतफेड समजा. पण ती चांगुलपणानं केली नव्हती. नेहमीप्रमाणे मला बोलणं जमलं नाही, इतकंच.

परवा तुमचा दहावा झाला. नदीवरून सगळे परत आले, जेवणं झाली, माणसं अंगणात सैल बसली. ताई सिन्नरला परत निघायच्या आधी काकूंची सोय लावत होती. काकू म्हणाल्या, “दोन दोन कुत्री माझ्यानं होत नाय आता. एक भाऊजींना न्या म्हणावं.”

पप्पा म्हणाले, “नेतो की. कुठलं देता?”

“कुठलंबी न्या.”

“मनूला विचारा,” पप्पा म्हणाले. “तिला कळतं कुत्र्यांतलं.”

आप्पा सुपारी कातरत होते. “तिला नको रे बाबा. मागच्या टायमाला तुझ्यासाठी काय ठेवलं तिनं, इसरला का?”

सगळे हसले. पप्पाही हसले, डोळे बारीक करून, तसेच, त्या दिवशी चिठ्ठी वाचून हसले होते तसे. ताई हसली. तुमच्या दोन्ही कुत्र्या ओट्याखाली एकमेकींच्या पाठीला पाठ लावून पडल्या होत्या. एकीचा कान माश्यांनी हलत होता.

मला वाटत होतं की मी आधी कुत्र्यांबद्दल बोलेन. दोघींना एकत्र ठेवा, म्हणेन. ते सोपं होतं. त्यानं कुणाचं काही बिघडलं नसतं, तुमचंसुद्धा. पण त्याचं कारण सांगायला गेलं की मागे जावं लागणार होतं, आणि मागे तुम्ही उभे होतात.

मी उठून पप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर नको, दहाव्याच्या दिवशी नको, हे मला कळत होतं. पण त्या अंगणात योग्य दिवस कधी येणार होता? पप्पांनी वर बघितलं. “काय गं?” म्हणाले. त्यांना वाटलं मला गाडीला उशीर होतोय.

तुम्हाला ऐकू गेलं नसेल, म्हणून लिहून ठेवते. आवाज फार मोठा नव्हता माझा, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“पप्पा, ती चिठ्ठी मी बघून उचलली होती. तात्यांनी मला आदल्या दिवशी खूण सांगितली होती, आणि मी ती लक्षात ठेवली.”